राहीबाईच्या पोतीतले मणी

असं समजा, तुमच्या पुढ्यात एक पितळी ताट आहे. ताटात मूठभर काळे मणी आहेत, मोहरीपेक्षा थोडे मोठे. घरातली सुई त्यांच्या भोकातून जात नाही, आणि जाईल इतकी बारीक सुई लढाईमुळं सध्या लोणंदच्या बाजारातही मिळत नाही. तेव्हा घोड्याच्या शेपटीचा एक लांब केस घ्या. दोऱ्याचं टोक नखानं उकलून केसाच्या बुडाशी पिळा, वरून मेण चोळा. झाली सुई.

आता ताट थोडं कलतं करा. चांगले मणी सरळ खाली घरंगळतात. जे मध्येच थबकतात किंवा तिरके जातात, ते वाकडे. ते बाजूला काढा, पण टाकू नका, गाठीजवळ लपवता येतात. ज्यांच्या भोकाची कड धारेची आहे ते दोरा कापतात. असे मणी विटेच्या ओल्या भुकटीत घालून तळहातावर चोळावे लागतात. मग ओवायला बसा. मणी उचलायचा नाही. तो ताटातच असू द्यायचा आणि केसाचं टोक त्याच्यात घालायचं. हात हलला तर श्वास थांबवायचा. एक ओवला की दुसरा.

नीरा नदीच्या अलीकडे, लोणंदपासून पायी जाता येईल अशा एका खेड्यात राहीबाईनं हे काम सुरू केलं. तिच्या ताटातले पहिले मणी तिच्याच गळ्यातले होते.

राहीबाईचं माहेर सांगलीचं. लहानपणी घराजवळच्या पेठेत एक म्हातारा पटवेकरी बसायचा. दागिने रेशमात गाठवून द्यायचं त्याचं काम. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून तो गाठी मारायचा, आणि राही उंबऱ्यावर बसून बघायची. तो हाकलत नसे आणि शिकवतही नसे. लग्नात तिची पोत त्यानंच ओवली. चार पदरांची, मध्ये दोन सोन्याच्या वाट्या. ती पोत गळ्यात घालून राही लोणंदच्या बाजूला नांदायला आली.

नवरा मानसिंग फौजेत मोटार हाकायचा. त्याला मलायात पाठवलं. सिंगापूर पडल्याची बातमी गावात आली ती बाजाराच्या दिवशी, कांद्याच्या भावासोबत. त्यानंतर मानसिंगची पत्रं थांबली. सरकारकडून एवढंच कळलं की त्याचा ठावठिकाणा लागत नाही.

सासू अंबूबाई रडली, देवाला नवस बोलली, मग पुन्हा रडली. तिचा नवरा फार आधी गेला होता, आणि मोठा मुलगा वाटणी घेऊन वेगळा राहत होता. तिला मानसिंगच होता. राहीबाई मात्र रडली नाही. तिनं जनावरांचं शेण काढलं, भाकऱ्या थापल्या, पाणी भरलं. आमटीत कधी मीठ दोनदा पडायचं, कधी अजिबात नाही. अंबूबाई तशीच खायची. गावातल्या बाया म्हणायच्या, घट्ट काळजाची आहे. राहीबाई सांगते की काळीज घट्ट बिट्ट काही नव्हतं. आतून काही येतच नव्हतं. विहिरीत पोहरा सोडावा आणि तो कोरडाच वर यावा, तसं.

असं वर्ष गेलं.

शिमगा होऊन ऊन तापायला लागलं तेव्हा शेजारच्या बनुबाईला मुलगा झाला. आधीची दोन बाळं गेलेली, त्यामुळे बनुबाई या बाळाला जमिनीवर ठेवत नव्हती. त्याच्या हातात काळ्या मण्यांच्या मनगट्या घालायच्या होत्या, दृष्ट लागू नये म्हणून. पण लोणंदच्या बाजारात मणी नव्हते. मग सुया-पोत विकणारी वैदीण गावात आली. बनुबाईनं आणि राहीबाईनं तिची पाटी उतरवून घेतली. पाटीत दाभण होते, बिब्बे होते, फण्या होत्या. मणी नव्हते.

"मावशी, मणी कुठं गेलं तुजं?" बनुबाईनं विचारलं.

"कुठनं आणू बाई? त्ये काय शेतात पिकत्यात व्हय? मणी येत्यात दर्याच्या पल्याडनं. दर्यात लढाई हाय. बोटीच येईनात."

"मग कवा येतील?"

"लढाई सपली की येतील. मला काय इचारतीस, मी काय सायबाची बायकू हाय?"

बनुबाई हसली. राहीबाई हसली नाही. बोटी येत नाहीत, एवढंच तिच्या डोक्यात बसलं. मणी आणि माणूस दोन्ही पाण्याच्या पल्याड अडकलेत, हे तिला कळलं. पण कळून काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंबूबाई मळ्यात गेली होती. राहीबाईनं पितळी ताट घेतलं, दारातल्या उजेडात बसली, हात मानेमागं नेला आणि पोतीची गाठ सोडली. पोत ताटात ठेवली. एक पदर उसवला, मणी मोकळे केले आणि ताट कलतं करून बघितलं. म्हातारा पटवेकरी तसंच बघायचा. सगळे मणी सरळ घरंगळले. चांगले मणी होते.

या बाजूला एक रीत आहे. सवाष्णीनं पोत गाठवायला काढली की आधी गळ्यात हळदीचा दोरा बांधायचा. पोत तयार होऊन परत गळ्यात येईपर्यंत तो दोरा तिथं राहतो. गळा एक क्षणही मोकळा राहता कामा नये, नाहीतर नवऱ्याच्या जिवावर बेततं, असं मानतात. ही रीत राहीबाईला माहीत नव्हती असं नाही. चार वर्षांची पोरगीसुद्धा ती सांगेल. पण त्या दुपारी राहीबाई ती विसरली. विसरली म्हणजे काय, तिला आठवण्याची जागाच बधिर झाली होती. ती मणी निवडत राहिली. बाळाच्या मनगटाच्या मापाचा दोरा कापला. घरातली सुई मण्यात जाईना, म्हणून दोऱ्याच्या टोकालाच मेण लावून ते ताठ केलं. ऊन उंबऱ्यावरून आत आलं, ताटावर चढलं, भिंतीला लागलं.

बनुबाई बाळाला घेऊन आली तेव्हा एक मनगटी पुरी झाली होती.

"अगं बया, मणी कुठनं गावलं?" म्हणत ती पुढं झाली, आणि थांबली. तिची नजर राहीबाईच्या गळ्यावर होती. "राहे, पोत कुठाय तुजी?"

राहीबाईनं ताटाकडं बोट दाखवलं.

"आणि दोरा? हळदीचा दोरा?"

राहीबाईनं गळ्याला हात लावला. तिथं फक्त घाम होता.

"कवापासनं हाईस अशी?"

"मगाधरनं."

"मगाधरनं म्हंजे? जेवल्यापासनं?"

"व्हय."

बनुबाईनं बाळाला तिच्या मांडीवर टाकलं, आत धावली, हळदीचा डबा आणला, ओट्यावर पडलेला दोरा त्यात बुडवला आणि राहीबाईच्या गळ्यात बांधला. गाठ दोनदा तपासली.

"कुणाला बोलू नगंस," बनुबाई म्हणाली. "तुज्या सासूला तर मुळीच न्हाई. मी बी न्हाई बोलायची. माज्या लेकराची आण."

"बरं."

"बरं काय म्हंतीस? भ्या न्हाई वाटत तुला?"

राहीबाई बाळाच्या हातात मनगटी घालून बघत होती. "सैल हाय," ती म्हणाली. "पण असू दे. वाढंल तसं बसंल."

संध्याकाळपर्यंत पोत पुन्हा गळ्यात आली. आता तीन पदरांची.

बनुबाईनं शब्द पाळला. पण मनगट्या काही लपून राहिल्या नाहीत. ज्यांना लहान लेकरं होती त्या सगळ्या बाया राहीबाईच्या दारात यायला लागल्या. मणी तर कुणाकडंच नव्हते. राहीबाई म्हणायची, घरात बघा. जुनी तुटकी माळ असेल, रुखवतातलं तोरण असेल, कोनाड्यात उंदरानं कातरलेली मण्यांची पिशवी असेल. बाया पदराच्या गाठीत बांधून मणी आणायच्या, लाल, पांढरे, निळे, फुटके. ओवून उरतील ते राहीबाईला ठेवायचे, हीच मजुरी. अशी तिच्या ताटात रंगीत मण्यांची भर पडत गेली. पण काळे मणी कमीच यायचे. आणि दृष्टीला तर काळेच लागतात. कमी पडले की ती पोतीचा पदर उसवायची. त्या दुपारनंतर तिनं दर वेळी आधी हळदीचा दोरा बांधला, न चुकता. एकदा तर दोन बांधले.

केसाची सुई तिला नंतर सुचली, टांगेवाल्या कोंडीबाचा घोडा बघून. कोंडीबा लोणंद स्टेशनावरून गावापर्यंत टांगा हाकायचा.

"कोंडीबाभावजी, तुमच्या घोड्याच्या शेपटीचं केस द्याल का?"

"केस? वैनी, औषधाला का करणीला?"

"ओवायला. सुई न्हाई."

"न्या की. पण रोज मागशीला तर घोडं लांडं व्हईल. मग माश्या वारायला तुमालाच टांग्याच्या फुडं उभं ऱ्हावं लागंल."

तो दर बाजाराला दोन-चार केस कागदात गुंडाळून आणून द्यायचा. म्हणायचा, घोड्यानं स्वखुशीनं दिलेत.

आतून काही वाटत नसताना हे काम बरं होतं, असं राहीबाई सांगते. भाकरी थापताना समोरचा तोंडाकडं बघतो, विहिरीवर बाया डोळ्यांत बघतात. ओवणाऱ्या बाईच्या तोंडाकडं कुणी बघत नाही. सगळे मण्याकडं बघतात. बोटं चालू असली की बाकी अंगानं गप्प बसलेलं चालतं.

अंबूबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, म्हणून तिला कळायला वेळ लागला. एका सणाला राहीबाई तिच्या पाया पडली, आणि पोतीचा भार पुढं लोंबला नाही. पूर्वी लोंबायचा. अंबूबाईनं हात पुढं करून पोत चाचपली.

"चार पदर हुतं."

"हुतं."

"आता किती हायत?"

"एक."

"बाकीचं?"

"पोरांच्या हातात हायत. बोटी सुरू झाल्या की भरीन परत."

"बोटी!" अंबूबाईचा आवाज चढला. "माज्या लेकाच्या नावाचं मणी गावभर वाटलंस व्हय गं? त्यो तिकडं जीव धरून बसलाय आणि तू हितं एकएक पदर उसवतीस? कुणी शिकवलं तुला हे, तुज्या सांगलीकरांनी?"

अंबूबाई म्हणत होती ते पदरांचं होतं. राहीबाईच्या ध्यानात मात्र पदर नव्हते, ती दुपार होती. सासूला जे ठाऊक नव्हतं ते पुढं काढावं की नाही, याचा तिनं विचार केला. मग काढलं नाही. उरलेला पदर तिनं दुहेरी मेणाच्या दोऱ्यात पक्का ओवून घेतला, सहजासहजी निघू नये म्हणून. त्यानंतर तो पुन्हा उसवला नाही.

त्या दिवसापासून ती आणखी एका कारणानं मानसिंगची वाट बघायला लागली. त्यानं परत यावं, हे तर होतंच. तो दारात उभा राहिला असता, तर ती दुपार पुसली गेली असती. नुसता वेंधळेपणा ठरली असती, बनुबाई आणि ती पुढं कधी त्यावर हसल्या असत्या.

लढाई संपली. बोटी सुरू झाल्या. बाजारात मणी आले, लोणंदला आणि फलटणलाही. त्या मण्यांच्या मागोमाग आकाराम आला. तो शेजारच्या वाडीचा, मानसिंगच्याच तुकडीतला, दोघं एकत्र भरती झाले होते. तो इतका वाळला होता की अंबूबाईनं ओळखलं नाही. तो ओसरीवर बसला, पाण्याचा तांब्या हातात धरला, प्याला नाही.

"आमी शिंगापुरात एका जाग्याला हुतो, वैनी. मग जपान्यांनी बोटीत घातलं. मला एका बेटावर टाकलं, त्येला दुसऱ्या."

"मग?" अंबूबाई म्हणाली.

"सुटल्यावर एक जण भेटला मला. मानसिंगच्या संगं हुता त्यो त्या बेटावर." आकारामनं तांब्या खाली ठेवला. "ताप आला, म्हणला. औषध न्हवतं. तापातच गेला."

अंबूबाईनं हंबरडा फोडला. शेजारच्या बाया धावत आल्या. त्यात बनुबाई होती, तिचा मुलगा तिच्या पदराला धरून चालत होता. राहीबाई खांबाला टेकून उभी होती.

"कवा?" ती म्हणाली.

आकारामला वाटलं, तिला ऐकू आलं नाही. "तापानं, वैनी."

"कवा गेला?"

"तिथं कवा काय कळत न्हवतं. दिस मोजणारं कोण ऱ्हायलंच न्हवतं."

"थंडी हुती का तवा?"

"तिथं थंडी पडतच न्हाई."

"मग पाऊस?"

"पाऊस तर रोजच."

"शिंगापूर पडल्यावर लगीच का लय दिसांनी?"

"ते... मी इचारलं न्हाई, वैनी."

"इचारायचं हुतं."

बायांना ते विचित्र वाटलं. नवरा गेल्याचं ऐकून ही बाई पावसाचं विचारते. फक्त बनुबाईनं मान खाली घातली.

"त्यो माणूस कुठं गावंल?" राहीबाईनं विचारलं.

"मदरासकडचा हुता. नाव सांगितलं हुतं त्यानं. मला त्यांच्या भाषेतली नावं ध्येनात ऱ्हात न्हाईत." आकाराम रडायला लागला. "माफ करा, वैनी."

"असू द्या," राहीबाई म्हणाली.

देह नव्हता. दर्भाचा पुतळा करून नीरेच्या काठी विधी केले. कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. गावातल्या दोन म्हाताऱ्या विधवा पोत तोडायला पुढं झाल्या. एकीनं ओढली, तुटली नाही. दुसरीनं ओढली. मेणाचा दुहेरी दोरा राहीबाईच्या मानेत रुतला, पण तुटला नाही. म्हातारी पुटपुटली, काय ओवलीय की बाई. शेवटी कुणीतरी शेतातून विळा आणला. दोरा कापला तेव्हा थोडे मणी वाळूत सांडले, बाकीचे त्यांनी पाण्यात सोडले. राहीबाईच्या मनात त्या वेळी काय आलं, हे पुढं सांगलीत मी तिला विचारलं होतं. गाठ चांगली बसली होती, हे आलं, असं ती म्हणाली.

अंबूबाई त्यानंतर एकच वाक्य बोलायची. जेवताना, झोपताना, वाटेनं जाणाऱ्याला थांबवून. "पोत उसवली तवाच गेला त्यो." राहीबाईनं तिला कधी खोटं पाडलं नाही. पाडायला तिच्याजवळ काही नव्हतं. गावातल्या काही बायांनी लेकरांच्या मनगट्या रात्रीत काढून टाकल्या आणि बाजारातल्या नव्या मण्यांच्या घातल्या. बनुबाईनं काढल्या नाहीत. तिच्या मुलाच्या मनगटाला आता ती मनगटी घट्ट होत होती. राहीबाईनं त्या गावात शेवटची मनगटी ओवली ती तीच. उसवून, चार मणी वाढवून, परत.

"ह्यो तर धडधाकट हाय, राहे," बनुबाई तिला म्हणाली. "ह्याच्याकडं बघ. ह्याच्या हातात पयलं तुजंच मणी गेलं."

"व्हय," राहीबाई म्हणाली. "पण मला इचारायचंय ते ह्याचं न्हाई, त्या दुपारचं."

मग भाऊ येऊन तिला सांगलीला घेऊन गेला. अंबूबाई मोठ्या मुलाकडं राहायला गेली.

आता राहीबाई भावाच्या घराच्या पडवीत बसते. मी विश्रामबागेतल्या कॉलेजात शिकायला आलो आणि त्याच गल्लीत खोली घेतली, तेव्हा तिचं ताट पहिल्यांदा पाहिलं. तेच पितळी ताट. ती रंगीत मण्यांच्या माळा ओवते, लहान मुलींच्या, आणि देवघरातल्या तोरणांच्या. लग्नाच्या पोती तिच्याकडं कुणी आणत नाही आणि तीही मागत नाही. काळे मणी वेगळ्या डबीत असतात. मी कॉलेजच्या वर्कशॉपमधून बारीक पोलादी तार आणून दिली, तिची सुई करून. ती तिला आवडली. घोड्याचे केसही तिनं ठेवले आहेत.

तिनं मला ओवायला शिकवलं, वाकडे मणी बाजूला काढायला शिकवलं, आणि काम चालू असताना हे सगळं सांगितलं, एकाच आवाजात. मध्ये कुठंही ती थांबली नाही.

फौजेतून सुटून आलेला कुणी गल्लीत आला की ती त्याला पडवीत बसवते, पाणी देते आणि विचारते, तुमी कुठल्या बेटावर हुता. बहुतेक जण इटलीत किंवा इजिप्तमध्ये लढलेले निघतात. ती मान हलवते आणि पुन्हा ताट पुढं ओढते. परवा मिरजेचा एक जण आला. तो खरोखरच जपान्यांच्या कैदेत होता. त्याला मानसिंग माहीत नव्हता, पण तो बराच वेळ बसला, बोलत राहिला. जाताना म्हणाला, बाई, आणखी काही विचारायचं आहे का.

राहीबाईच्या हातातला मणी केसावर अर्धा चढला होता. तिनं तो तिथंच धरला.

"शिमग्याच्या फुडं, आमच्याकडं ऊन भिंतीला लागल्यालं असतंय तवा, तिकडं काय वखत असतोय वो? आणि त्या वख्ताला, एका दुपारी, त्यो जित्ता हुता का न्हवता, हे कुणाला ठावं असंल?"